आदर्श किल्लीधारक

वसतिगृहाच्या खुर्चीत बसलेले साहेब, शिवहारचं वर्ष तुम्ही बुडवलंत. तो म्हणतो, निम्मं मीच बुडवलं. तो त्याचा मोठेपणा. उरलेल्या निम्म्याबद्दल ही गोष्ट आहे. तुमचं नाव घेत नाही, नुसतं 'साहेब' म्हणतो. खुर्चीला तेवढं पुरतं.

शिवहार पुसेगावचा. घरी शेळ्यामेंढ्या, हिंगोलीत बी.ए.चं शेवटचं वर्ष, साल २००७. त्या एका वर्षात त्यानं खोलीच्या तीन किल्ल्या हरवल्या होत्या. पहिली एसटी डेपोच्या नळावर. दुसरी मुलींच्या घोळक्यासमोर बोटावर गरगर फिरवताना थेट गटारात. तिसरी कुठं गेली ते त्यालाही सांगता येत नव्हतं. मग परिपत्रक निघालं : चौथी किल्ली हरवणाऱ्याचं नाव वसतिगृहातून कमी करण्यात येईल.

सुटीत गावी गेल्यावर त्यानं हे आईला सांगितलं. चंद्रभागाबाई शेळीची धार काढता काढता म्हणाल्या, "करदोड्याला बांध की. तुह्या बापानं तीस वर्सं पेटीची किल्ली कमरेला बांधली. कवा हरवली न्हाई."

"माय, तिथं पोरं जीन्स घालतेत. करदोडा कोन दावून राहिलं?"

"दावायची काहून पायजे? किल्ली हाये का नवरी?"

शिवहारला ते पटलं नाही. किल्ली हरवली तरी चालेल, पण गावंढळपणानं सापडू नये, असं त्याचं शिक्षण झालं होतं.

त्याच सुमारास महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी बाहेरून समिती येणार होती. समितीला एक तरी 'उत्तम उपक्रम' दाखवणं बंधनकारक होतं. वसतिगृहात पाणी एक दिवसाआड, मुतारीचं बांधकाम चार वर्षं कमरेपर्यंत येऊन थांबलेलं. ते दाखवण्यासारखं नव्हतं. साहेबांनी विचार केला आणि 'किल्ली सुरक्षा व व्यक्तिमत्त्व विकास सप्ताह' जाहीर केला. किल्ली आकर्षक पद्धतीनं सांभाळण्याची स्पर्धा, तज्ज्ञ परीक्षक, प्रमाणपत्र, फोटो.

पोरं पेटली. कुणी पट्ट्यापासून मागच्या खिशापर्यंत लोखंडी साखळी सोडली; तो बसला की बाक वाजे. कुणी किल्ली कानात घातली आणि तीन दिवसांनी कान सुजल्यावर काढली. शेजारच्या खोलीतल्या कळमनुरीच्या शिवशंकरनं ती बुटाच्या तळव्यात बसवली. दार उघडायचं तर एका पायावर उभं राहावं लागे.

शिवहारनं आईनं वळलेला काळ्या लोकरीचा गोफ घेतला, त्याला शेळीच्या गळ्यातली घंटी अडकवली, खाली किल्ली. पोरींना सांगितलं, पुण्याची डिझाइन आहे.

"पुण्यात शेरडं हायेत व्हय?" शिवशंकरनं विचारलं.

"तू बूट काढ आधी, मग बोल."

सोमवारी निकाल लागला. शिवहार पहिला. साहेबांनी त्याला 'आदर्श किल्लीधारक' जाहीर केलं, आणि गोफ, घंटी, किल्ली असं सगळं त्याच्या गळ्यातून उतरवून फाटकाजवळच्या काचेच्या कपाटात टांगलं. समिती गुरुवारी येणार, तोवर प्रदर्शन. टाळ्या झाल्या. शिवहारनं मान झुकवून कपाटाला कुलूप लागू दिलं. खोलीत शिरायचं कसं, हा प्रश्न त्याला फोटो काढून झाल्यावर सुचला.

ती रात्र त्यानं शिवशंकरच्या खोलीत काढली. सकाळी अकराला इतिहासाचा पेपर होता, परीक्षेचं प्रवेशपत्र त्याच्या खोलीतल्या पेटीत. हा पेपर गेला तर पदवी गेली, पदवी गेली तर बी.एड.चा प्रवेश गेला. नऊ वाजता तो साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला.

"सर, किल्ली पायजे."

"हरवली का?"

"न्हाई सर. ती बघा, कपाटात दिसून राहिली."

"मग दुसऱ्या किल्लीचा अर्ज तुला लागू होत नाही. तो हरवलेल्यांसाठी आहे."

"मग कपाट उघडा."

साहेबांनी ड्रॉवर उघडला. बंद केला. खिसे चाचपले. शिपाई माणिकरावांकडं पाहिलं. माणिकरावांनी छताकडं पाहिलं.

"कपाटाची किल्ली सध्या जागेवर नाही," साहेब म्हणाले.

"म्हंजी हरवली."

"आपल्या अहवालात 'हरवलेल्या किल्ल्या : शून्य' असं छापून आलेलं आहे. त्यामुळं ती हरवलेली असू शकत नाही."

"मग माह्या खोलीचं कुलूप तरी फोडू द्या."

"ज्या कुलपाची किल्ली सर्वांना दिसते आहे, ते फोडायला मी परवानगी कशी देऊ? आणि आदर्श किल्लीधारकाच्या दाराचं?"

बाहेर आल्यावर माणिकराव हळूच म्हणाले, "बाबा, काच काय लोखंडाची न्हाई. मी चहाला चाललो."

पण शिवहार आदर्श होता. आदर्शानं काच फोडावी का, यावर तो अकरा वाजेपर्यंत विचार करत उभा राहिला, आणि काचेत स्वतःचा भांग दोनदा नीट केला. शेवटी मुतारीची एक वीट उचलून त्यानं कपाट फोडलं. प्रवेशपत्र घेऊन परीक्षेच्या दारात पोचला तेव्हा अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. अर्ध्या तासानंतर प्रवेश नाही. पर्यवेक्षकांनी घड्याळ दाखवलं आणि दार लावलं.

गुरुवारी समितीनं फुटलेली काच पाहिली. साहेब म्हणाले, "उपक्रमाला विद्यार्थ्यांचा इतका प्रतिसाद आहे, की काच टिकत नाही." समितीनं त्याची कौतुकानं नोंद घेतली. शुक्रवारी शिवहारवर संस्थेच्या ताब्यातली किल्ली पळवल्याचा ठपका आला. शनिवारी नियम झाला की यापुढं सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या कार्यालयातच राहतील, आणि कार्यालय उघडं असेल तेव्हाच मिळतील, अकरा ते पाच. संमतीचा कागद फिरला. चाळीस पोरांनी सह्या केल्या. शिवहारनंही केली, खाली दोन रेघा ओढून, झोकात. वाचकहो, तुम्ही हसू नका. तुमच्यापुढं असा कागद आला तेव्हा तुम्ही तो वाचला होता का?

आता पोरं पाचनंतर व्हरांड्यात पेट्या टाकून राहतात. एकही किल्ली हरवत नाही.

तेव्हा साहेब, वळणं घेऊ नका. त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता कपाटाची किल्ली तुम्ही हरवली होती की नव्हती? हो किंवा नाही, एका शब्दात, सहीशिक्क्यासह उत्तर द्या.