अण्णांची चिमूटभर काजळी

आमच्याकडे कोकम सरबत करायचं असलं, की आधी अनंतअण्णा आसपास नाहीत ना, ते पाहावं लागे. एकदा त्यांनी माझ्या साडूच्या हातातला पेला काढून घेतला, खिशातल्या फिल्मच्या डबीतली चिमूटभर काजळी त्यात टाकली, ढवळलं, दुसऱ्या खिशातल्या कागदातून गाळलं आणि पाण्यासारखं नितळ सरबत परत दिलं. "रंग गेला. सरी? ठीक आहे ना?" साडू त्यानंतर आमच्याकडे फक्त चहा घेतो.

बनशंकरीत अण्णा आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. नोकरी सरकारी प्रयोगशाळेत, काजळी करण्याची. पण तसं म्हटलेलं त्यांना खपत नसे. "काजळी नव्हे हो, कार्बनच्या नळ्या त्या! केस उभा हजारदा चिरा, त्याच्यापेक्षा स्वल्प बारीकच." माझी बायको म्हणे, "नळी आहे ना, मग चूल फुंकून दाखवा."

हे वेड कशापायी, ते मला उशिरा कळलं. अण्णांची थोरली बहीण, अक्का, परसात भट्टी लावून रेशीम रंगवायची. रंगाचं गुलाबी पाणी थेट गटारात जाई. गल्लीतून तक्रार गेली, पालिकेचे साहेब येऊन बजावून गेले: पाणी नितळ करा, नाहीतर भट्टी बंद. अक्का मला म्हणाली, "भट्टी गेली तर मी दिवसभर करू काय रे? भिंतीकडे बघत बसू?" मला फार वाईट वाटलं.

अण्णांनी एका माठाला खाली भोक पाडलं. आत वाळू, त्यावर करवंटीचा कोळसा आणि सर्वांत वर डबीतली लाडकी काजळी. परीक्षेला साहेब आले. अक्का घाबरून भडाभडा पाणी ओतायला लागली, तसे अण्णा ओरडले, "हळू! हळू!"

साहेब पक्के कन्नड. त्यांच्या भाषेत 'हाळु' म्हणजे बिघडलेलं. करणाराच बिघडलं म्हणतोय, तर आणखी काय बघायचं? ते चपला घालायला वळले. अण्णा नुसते माठाकडे बोट दाखवत राहिले. शेवटी अक्काच तांब्या हातात घेऊन मागे धावली. "निधान, सार! निधान म्हणतोय तो! सावकाश ओत म्हणतोय!"

साहेब थांबले. माठाखालच्या काचेच्या पेल्यात थेंब थेंब पाणी जमत होतं. त्यांनी पेला उजेडात धरला आणि मान डोलावली. भट्टी वाचली!

साहेब गेल्यावर अक्का हसत पायरीवर टेकली. वर्षानुवर्षांच्या रंगानं तिचे हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. ते पुढे करून ती म्हणाली, "आता हेही नितळ कर की."

दिसेल त्याचा रंग काढणारे अण्णा. पण त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं आणि ती खिशात टाकली.

"तो रंग नको काढायला, अक्का," ते म्हणाले. "आई गेल्यावर याच रंगलेल्या हातांनी भरवलंस मला."