धडक देणाऱ्याचे रुग्णाशी नाते

निंबा सुकलाल पाटील यांच्या उजव्या पायाची नडगी गोडादऱ्याच्या रस्त्यावर सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दोन ठिकाणी मोडली, ही गोष्ट आता सर्व पक्षांना मान्य आहे. नडगी जुळायला पाच महिने लागले. ती मोडली होती हे मान्य व्हायला साडेतीन वर्षं लागली.

निंबा सुरतेत, लिंबायतमधल्या एका कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात कारीगर होता. रात्रपाळी संपवून, दुधाची पिशवी हातात धरून तो रस्ता ओलांडत होता. तेवढ्यात एक टेम्पो कापडाचे ताके लादून उलट्या बाजूने, म्हणजे नेहमीच्या बाजूने, आला. त्याला चुकवायला किरण नावाच्या तरुणाने आपली मोटरसायकल डावीकडे घेतली, आणि डावीकडे निंबा होता. टेम्पो न थांबता निघून गेला. त्याचं सगळं रीतीला धरूनच झालं.

चुकलं ते किरणचं. तो पळाला नाही.

यामुळे जमलेल्या लोकांची फार अडचण झाली. ठोकणारा पळतो, लोक त्याच्यामागे धावतात, सापडला तर बडवतात आणि न सापडला तर सरकारला शिव्या देतात, असा प्रघात आहे. इथे ठोकणाराच पडलेल्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि चूक कबूल करत म्हणत होता, "भाऊ, चूक मनी शे. पाय हलवू नका." त्याला मारायचं तर आधी जखमीला बाजूला करावं लागलं असतं, आणि जखमीला हात लावायला कुणी तयार नव्हतं. दोघा-तिघांनी मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि मंडळी आपापल्या कामाला गेली.

किरणने रिक्षा थांबवली आणि निंबाला इस्पितळात नेलं. तिथे खिडकीमागच्या कारकुनाने फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता : आणणाऱ्याचे रुग्णाशी नाते.

"तुम्ही कोण?" कारकुनाने विचारलं.

"मीच ठोकलं यांना."

"ते झालं. नातं काय?"

"नातं काहीच नाही. ठोकलं एवढंच."

कारकुनाने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. वडील होते, पती होते, भाऊ, मित्र आणि पोलीस होते. ठोकणारा कुठेच नव्हता. एवीतेवी तो इथवर येतच नाही, तर त्याच्यासाठी जागा अडवून ठेवणार कोण? कारकून विचारी होता. त्याने 'मित्र' लिहिलं आणि शिक्का मारला. ज्या क्षणी त्या दोघांना एकमेकांची नावंही धड ठाऊक नव्हती, त्या क्षणी ते कायदेशीर मित्र झाले.

निंबाच्या पायात सळई बसली. किरण उधन्याच्या एका दुकानात साड्यांचे नमुने पोचवण्याचं काम करी. तो दिवसातून दोनदा इस्पितळात चक्कर मारू लागला. निंबा घरी आल्यावर तो दर रविवारी नाश्त्याला गरम लोचो घेऊन येई आणि निंबाला ड्रेसिंगला घेऊन जाई. निंबाची बायको योगिता घरी साड्यांना लेस लावायचं काम करायची. तिच्या मदतीला तिची धाकटी बहीण चंचल धुळ्याहून आली होती. चंचलला किरणचं येणं पहिल्या दिवसापासून खटकलं.

"दाजी, हा माणूस पाय मोडतो आणि वर नाश्ता आणतो," ती निंबाला म्हणाली. "याच्या मनात काय आहे?"

"त्याला वाईट वाटतंय, दुसरं काय."

"मग वाईट वाटून घ्यायचं आपल्या घरी."

तरीसुद्धा किरण आला की ती त्याला खाली पाण्याच्या टँकरवर पाठवी. दोन महिन्यांत किरणने त्या घरात इतक्या कळशा भरल्या की तिसऱ्या मजल्यावरचे लोक त्याला घरचाच समजू लागले.

पाय जुळला, पण बारा तास लूमपुढे उभं राहणं आता होईना. शेठने निंबाला सुताच्या बॉबिन भरायला बसवलं आणि पगार अर्ध्यावर आणला. मग शेजारच्यांनी सांगितल्यावरून तो भरपाईसाठी भूपेंद्रभाई वकिलांकडे गेला. भूपेंद्रभाईंनी अपघाताच्या दाव्यांत बावीस वर्षं काढली होती. त्यांनी कागद एकेक करून चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

"जुओ निंबाभाई, हा केस बगाडी नाख्यो, पार बिघडवून ठेवला. इस्पितळात आणणारा मित्र. पोलिसांत जाऊन गुन्हा कबूल करणाराही तोच. त्याच्या गाडीची विमा कंपनी काय म्हणणार? दोन मित्रांनी मिळून अपघात केला, आता पैसे वाटून घेणार."

"पण साहेब, तो खरंच थांबला."

"तेच तर. पळाला असता, चार लोकांनी नंबर घेतला असता, पोलिसांनी पकडून आणला असता, कोर्टात 'मी नव्हतोच' म्हणाला असता, तर कोणाला शंका आली असती? खरा अपघात असाच असतो." भूपेंद्रभाईंनी दाराकडे पाहिलं. "आणि बाहेर बाकावर तुमच्या कुबड्या धरून कोण बसलाय?"

निंबाने खाली पाहिलं. "किरण."

भूपेंद्रभाईंनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. आजपासून दोघांनी एकमेकांना भेटायचं नाही, अशी त्यांनी ताकीद दिली. ताकीद दोघांनी प्रामाणिकपणे पाळली. रविवारी किरण आला नाही. निंबाने जेवण अर्ध्यावर सोडलं. पाणी कोण भरणार हा प्रश्न चंचलने दिवसभरात सहा वेळा काढला, आणि एकदाही तो पाण्याबद्दलचा वाटला नाही. पुढच्या रविवारी किरण जिन्याने न येता मागच्या गच्चीवरून आला.

नेमक्या त्याच रविवारी विमा कंपनीचे तपासनीस मंदार गद्रे आले. अत्यंत सभ्य माणूस. त्यांनी बाहेर बूट काढले, योगिताला नमस्कार केला आणि आत पाहिलं. निंबा आणि किरण एका ताटात शेवभाजी खात होते आणि चंचल वरून भाकरी वाढत होती.

"आपण?" गद्र्यांनी किरणला विचारलं.

किरणला खोटं बोलता येत नव्हतं. हा त्याचा दुसरा दोष. "मी यांना ठोकणारा," तो म्हणाला आणि उभा राहिला.

गद्र्यांनी वही काढून लिहिलं : 'अपघातग्रस्त व अपघातकर्ता एकाच ताटात आढळले. भाजी तिखट होती, तरी दोघेही प्रसन्न होते.' योगिताने त्यांनाही ताट वाढलं. ते जेवले, भाजीची तारीफ केली आणि जाताना अहवालात एक ओळ वाढवून गेले : 'तपास अधिकाऱ्यास प्रभावित करण्याचा प्रयत्न झाला.'

अहवाल भूपेंद्रभाईंनी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचला. तिसऱ्या दिवशी त्यांनी उपाय सांगितला. मैत्री कागदावर आली आहे, तर वैरही कागदावर आलं पाहिजे. चारचौघांत कडाक्याचं भांडण व्हावं आणि त्याची चौकीत नोंद व्हावी.

बुधवारी संध्याकाळी पानाच्या टपरीपुढे भांडायचं ठरलं. चंचलने घरात दोघांची तालीम घेतली. निंबा उभा राही, कुबडी उगारी, आणि त्याच्या तोंडून काही निघत नसे.

"अहो, शिवी द्या," योगिता म्हणाली.

"कशावरून देऊ? काल त्याने माझी औषधं आणली."

"पाय मोडला ना त्याने तुमचा."

"त्यालाही आता वर्ष झालं."

बुधवारी टपरीपुढे पन्नासएक माणसं होती. निंबाने मोठा श्वास घेतला आणि तो मोठ्याने म्हणाला, "तू काही चांगला माणूस नाहीस." किरणने मान खाली घालून उत्तर दिलं, "बरोबर शे भाऊ." लोकांना वाटलं उधारीबद्दल बोलणं चाललंय. कुणी वळूनही पाहिलं नाही.

बाजूला उभ्या चंचलला ते सहन झालं नाही. ती पुढे झाली आणि तिने किरणला असा फैलावर घेतला की टपरीवाल्याने रेडिओ बंद केला. गाडी चालवता येत नाही इथपासून तिने सुरुवात केली. गच्चीवरून चोरासारखा येतो, आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही, माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखत नाही, इथवर ती पोचली तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. तालमीत यातलं एकही वाक्य नव्हतं. पण बाईमाणूस रडतंय एवढं जमावाला पुरेसं होतं. वर्षभरापूर्वी राहून गेलेलं काम लोकांनी आता हाती घेतलं आणि किरणला दोन थोबाडीत बसल्या. ते पाहताच निंबा कुबडी घेऊन जमावावर तुटून पडला.

चौकीतल्या जमादाराने नोंद केली : 'फिर्यादीने आरोपीस वाचवण्यासाठी तीन इसमांस कुबडीने मारहाण केली.'

कोर्टात विमा कंपनीच्या वकिलाने ही नोंद मोठ्याने वाचून दाखवली. मग त्याने निंबाला विचारलं, "ज्याने पाय मोडला त्याच्यासाठी तुम्ही भांडलात. अपघाताआधी तुम्ही एकमेकांना ओळखत होता?"

"नाही."

"मग ओळख कधी झाली?"

"धडक बसली तेव्हा."

"धडक बसल्यावर माणसांची ओळख होते, असं तुमचं म्हणणं आहे?"

निंबा म्हणाला, "एरवी तरी सुरतेत कुणाशी कधी होणार, साहेब? बारा तास लूमपुढे उभं राहायचं. आवाज इतका की शेजारच्या कारीगराचं नाव मला चार वर्षांनी कळलं."

न्यायाधीशांनी प्रथमच कागदांतून मान वर केली. त्यांनी सळईचा एक्स-रे मागवला, उजेडात धरला आणि पुढची तारीख दिली.

इकडे चंचलच्या वडिलांना धुळ्यात सगळं कळलं. किरणचं गाव अमळनेरकडचं निघालं, समाज एकच निघाला, आणि त्यांनी लग्नाचा मुहूर्त काढला. हे ऐकून भूपेंद्रभाई जागचे उठले. "निकालाआधी लग्न झालं तर हा तुमचा साडू होणार. मी कोर्टात काय सांगू, साडूने साडूला ठोकलं?"

म्हणून मुहूर्त पुढे गेला. कोर्टाची तारीख पडली की लग्नाची तारीख त्याच्या पुढची धरायची, कोर्टाची पुढे गेली की लग्नाचीही पुढे न्यायची. असे पाच मुहूर्त गेले. चंचलचे वडील सुरतेला फोन करून विचारायचे, "साक्षीपुरावा आटोपला का?" त्यांच्या गावात बऱ्याच लोकांचा समज झाला की नवरा मुलगा तुरुंगात आहे.

अखेर निकाल लागला. न्यायाधीशांनी लिहिलं की पायात सळई आहे, सळई खरी आहे, आणि माणूस चांगला वागला एवढ्यावरून कट सिद्ध होत नाही. भरपाई मंजूर झाली. निंबा कोर्टाच्या पायरीवर बसून रडला. किरण त्याच्या शेजारी बसला. आता बसायला हरकत नव्हती.

चार दिवसांनी लग्न झालं. निंबा लंगडत नाचला. कुणीतरी त्याचं चित्रीकरण केलं. पंधराव्या दिवशी विमा कंपनीने वरच्या कोर्टात अपील दाखल केलं, सोबत लग्नपत्रिका आणि नाच जोडला, आणि विनंती केली की सदर अपघात सोयरीक जुळवण्याच्या पूर्वनियोजित हेतूने घडवून आणला असल्याने भरपाईस स्थगिती मिळावी. स्थगिती मिळाली.

अपील अजून चालू आहे. निंबा बॉबिन भरतो. किरणने मोटरसायकल विकली आहे, आणि संध्याकाळी दोन्ही साडू गच्चीवर बसून पुढच्या तारखेची वाट पाहतात. भूपेंद्रभाईंकडे नवे अशील येतात तेव्हा ते पहिला प्रश्न एकच विचारतात : ठोकणारा पळाला ना? हो म्हटलं की त्यांचा चेहरा उजळतो.

आता तुमचं. पाय मोडून, वर नाश्ता घेऊन दर रविवारी येणारा माणूस तुम्हाला भेटला, आणि वाचताना कुठेतरी तुमच्याही मनात येऊन गेलं की यात काहीतरी पाणी मुरतंय, या दोघांचं आधीपासून ठरलेलं असणार. तसं आलं असेल तर संकोच करू नका. विमा कंपनीत तपासनीसांच्या जागा निघाल्या आहेत, आणि त्यांना अनुभवाची अट नाही.