गोड बोलण्याचं प्रशिक्षण

लोकांशी कसं बोलावं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. उलट मीच ते दुसऱ्यांना शिकवतो. म्हणजे, एक दिवस शिकवलं.

मी दिवा गावातल्या आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट आहे. नोकरीची बावीस वर्षं झाली, त्यातली अकरा दिव्यात. घर मात्र ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. आमच्या खात्याचं प्रशिक्षण केंद्र माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि तिथे एका प्रशिक्षकाची जागा रिकामी झालेली. दिव्याला पोचायला रोज पावणेसातला घर सोडावं लागतं. तिथे लागलो असतो तर साडेनऊपर्यंत पेपर वाचत बसता आलं असतं. माणसाला पन्नाशीनंतर याहून जास्त काय हवं असतं?

तर ‘रुग्णाशी संवाद’ या विषयाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मी त्याच केंद्रात जाऊन घेतलं. आता आपल्या आरोग्य केंद्रात परत जाऊन सगळ्यांना तेच शिकवायचं, मग प्रशिक्षण केंद्राच्या अंतरा मॅडम येऊन पाहणी करणार, आणि ज्याचं केंद्र सुधारलेलं दिसेल त्याला ती जागा. मी घरी बायकोला सांगून टाकलं, “चित्रा, झालीच म्हणून समज बदली.”

आमच्या केंद्रात सुधारायला खूप वाव होता. त्याचं नाव गंगुबाई. या आमच्या मदतनीस, केस पेपरच्या खिडकीवर बसतात. मूळच्या महाडकडच्या, आवाज असा की खिडकीवर माइक लावायची आम्हाला कधी गरजच वाटली नाही. “ओ आजोबा, जुना कागद कुठाय? हरवला? मग स्वतः कसे नाही हरवलात येताना?” अशी त्यांची स्वागताची पद्धत.

सोमवारी दुपारी मी सगळ्यांना बसवून शिकवलं. पेशंट आला की उठून उभं राहायचं. नावाने हाक मारायची, हळू बोलायचं, खांद्यावर हात ठेवायचा. घरी कोण कोण असतं ते आपुलकीने विचारायचं. आणि शेवटी म्हणायचं, “काळजी करू नका, आम्ही आहोत.” आमच्या डॉक्टर नीरजा मॅडमनीही वहीत लिहून घेतलं. गंगुबाईंनी एवढंच विचारलं, “सर, हे सगळं एकाच पेशंटला करायचं?”

“सगळ्यांना,” मी म्हटलं. “आणि उद्या ठाण्याच्या मॅडम येतायत. उद्या तुमचा आवाज मला ऐकू आला नाही पाहिजे.”

मंगळवारी पहिलाच नंबर महिपतरावांचा. साठीच्या पुढचे, रिटायर्ड वॉचमन. दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येतात, गंगुबाईंच्या शिव्या खातात आणि गोळ्या घेऊन घरी जातात. तब्येत ठणठणीत. ते खिडकीशी आले आणि सवयीने मान खाली घालून उभे राहिले. गंगुबाई खुर्चीतून उठल्या.

“या महिपतराव,” त्या हळूच म्हणाल्या. “बसा ना. पाणी देऊ?”

महिपतरावांनी मागे वळून बघितलं. मागे दुसरा कुणी महिपतराव नव्हता.

“कागद विसरलो,” ते चाचरत म्हणाले.

“असू दे. कागदाचं काय एवढं?”

हे ऐकल्यावर ते भिंतीला धरून बाकड्यावर बसले. मी लगेच काउंटरमागून बाहेर आलो आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “महिपतराव, घरी कोण कोण असतं?”

“का?”

“सहज. सोबत कुणी आलंय का?”

 सिस्टरने बीपी घेतलं, एकशे साठ. एरवी एकशे चाळीसच्या वर जात नाही. मी म्हटलं, “काळजी करू नका, आम्ही आहोत.” पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं, एकशे अठ्ठ्याहत्तर.

आकडा ऐकून नीरजा मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. डॉक्टर स्वतः उठून बाकड्यापर्यंत आल्याचं दिव्याच्या लोकांनी कधी पाहिलेलं नव्हतं. स्टूल ओढून त्या महिपतरावांसमोर बसल्या आणि हातात हात घेऊन म्हणाल्या, “बाबा, तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?” रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एकाने टेबलफॅन उचलून त्यांच्याकडे वळवला. बीपी एकशे शहाण्णव.

आता मात्र मॅडम खरंच घाबरल्या आणि त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. महिपतरावांनी मुलाला. अर्ध्या तासात मुलगा मितेश कामावरून धावत आला, मागोमाग त्याची आई. तिने पदराखाली गंगाजळाची बाटली आणलेली. गावाला महिपतरावांच्या भावाला कळवून झालं होतं आणि तो महाडहून एसटीत बसलासुद्धा होता. महिपतराव मितेशला सांगत होते, “गावची आंब्याची झाडं काकाला दे. खोली तुला. आईशी भांडू नको.”

नेमक्या तेव्हा अंतरा मॅडम दारात आल्या. हातात फाइल. मी घाईघाईने म्हटलं, “या मॅडम. इथे आपुलकीचं वातावरण आहे.” मितेशने त्याच वेळी हंबरडा फोडला.

गंगुबाई माझ्याकडे बघत होत्या. मी मानेनेच नको म्हटलं. तेवढ्यात महिपतराव त्यांना हात जोडून म्हणाले, “बाय, येतो आता. इतकी वर्षं बोललीस, मनात काय ठेवू नको.”

गंगुबाईंचा बांध फुटला.

“येतो म्हणजे? जाताय कुठे? केस पेपर कोण भरणार, तुमचा बाप? काय धाड भरलीय तुम्हाला? मागल्या महिन्यातल्या अर्ध्या गोळ्या घरी पडल्यात ना, मला माहीत नाय काय? आणि वहिनी, ती बाटली आत ठेवा, सांडली तर फरशी मी पुसायची. उठा आधी, बाकडं अडवलंय!”

महिपतरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला.

“म्हणजे मी मरणार नाय?”

“मरायचं असेल तर रांगेत या. मध्ये घुसायचं नाय.”

ते उठले, पँट झटकली आणि निमूट रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पंधरा मिनिटांनी बीपी घेतलं तेव्हा एकशे सेहेचाळीस. ॲम्ब्युलन्सला नको म्हणून सांगितलं. काका मात्र संध्याकाळी येऊन पोचलेच आणि झाडं आता माझी का म्हणून विचारत बसले, असं नंतर कळलं.

अंतरा मॅडमनी मला काही विचारलं नाही. त्या महिपतरावांजवळ गेल्या. “आजोबा, इथले लोक तुमच्याशी कसे वागले?”

“लई वाईट,” महिपतराव म्हणाले. “गोड बोलत होते.”

“आणि या बाई?”

“ही बोलली तेव्हा कुठं जिवात जीव आला.”

मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.  त्या दिवशी माझं बीपी कुणी घेतलं नाही, हे बरंच झालं.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. मोबाइलवर पहिलं पान दिसलं: ‘आपण सोमवारपासून ठाणे येथील प्रशिक्षण केंद्रात सकाळी दहा वाजता हजर राहावे.’ मी ते तसंच चित्राला पाठवलं. दुसरं पान उघडेपर्यंत तिने सोसायटीत दोन किलो पेढे वाटलेले होते. दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं की मला हेच प्रशिक्षण पुन्हा घ्यायचंय, विद्यार्थी म्हणून, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी अर्धा तास ‘अनुभवकथन’ होतं. वक्त्या आमच्याच गंगुबाई.

ते तीन दिवस मी खरंच साडेनऊपर्यंत पेपर वाचला आणि चालत गेलो. भेटेल त्याने अभिनंदन केलं आणि मी ते घेतलं. कुणाकुणाला पेढे परत मागणार?

चौथ्या दिवशी पावणेसातला मागच्या गेटने निघालो, तर तळमजल्यावरचा आनंद झाडांना पाणी घालत होता.

“काय सुधीरराव, एवढ्या लवकर?”

“वॉक,” मी म्हटलं. “आता वेळ मिळतो ना.”

“वा,” तो म्हणाला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. “डबा घेऊन?”