बंदुकीला कुणी विचारलं नाही

आमच्या शेजारच्या उत्तमनानांसमोर कुणी "तसा नियम आहे" म्हणालं, की ते खुर्ची ओढून बसतात. नियम त्यांना मोडायचा नसतो, त्याच्याशी भांडायचं असतं. "कोन्त्या कायद्यात लिव्हलंय? दाखवा. म्या वाचून राह्यलो," असं म्हणत ते चष्मा पुसायला घेतात. मागे एका लग्नात त्यांनी भटजींनासुद्धा मुहूर्ताचा पुरावा मागितला होता. नवरदेव ताटकळत उभा. तेव्हापासून आमच्या आष्टी गावात त्यांना पंगतीला बोलावतात, अक्षतांना नाही.

नानांकडे बारा बोअरची बंदूक आहे. रानडुकरांपासून पीक राखायला रीतसर परवाना काढून घेतलेली. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते. तेव्हा नाना "माहेरी चालली" म्हणत तिला कापडात गुंडाळून नेतात.

अशा माणसाने गेल्या वर्षी एक कुत्रं मागितलं आणि कहर झाला.

खरं तर आमच्याकडे कुत्रं मागायची रीतच नाही. भाकरीचा तुकडा टाकला की ते तुमचं, शेजाऱ्याने मोठा टाकला की त्याचं. पण हे कुत्रं शहागडच्या हायवेवर ट्रकखाली सापडलं होतं. नानांनी ते स्वतःच्या जीपमध्ये घालून जालन्याला प्राण्यांच्या एका संस्थेत पोचवलं. त्याचा मागचा एक पाय काढावा लागला. पुढे नाना दर आठवड्याला बिस्किटाचा पुडा घेऊन त्याला भेटायला जायचे आणि आल्यावर मला सांगायचे, "बियाणं पाहायला गेल्तो." भर उन्हाळ्यात कसलं बियाणं, हे मी विचारलं नाही.

कुत्रं बरं झालं तेव्हा नाना म्हणाले, द्या. संस्थेतली मुलगी म्हणाली, आधी घर बघावं लागेल. कुंपण, लसी, घरात कोण कोण असतं, सगळंच.

नाना जालन्याहून तडक माझ्या ओट्यावर.

"सर, बंदूक घेताना काय इचारलं मला? शेत हाये का, गुन्हा हाये का, डोकं ठिकाणावर हाये का. बस! बंदुकीला दिवसभर एकटी ठिवसान का, कोनी इचारलं? तिला फिरवायला नेसान का? पावसात कुठं झोपवसान? आन तीन पायाच्या कुत्र्याला कुंपण पायजे म्हने! पळून कुठं जाईल ते, परतूरला?"

आणि मी म्हणतो, काय चुकलं त्यांचं? ज्याने जीव जातो ती वस्तू भिंतीवर, आणि ज्याला जीव आहे त्याच्यासाठी एवढी उलटतपासणी. मला नानांचा कधी नव्हे तो अभिमान वाटला.

तरी 'घर बघायला येणार' एवढं त्यांनी पक्कं धरलं होतं. घर बघायला येतात म्हणजे काय, हे आमच्या गावाला एकाच तऱ्हेने ठाऊक. त्या दिवशी मी गेलो तर सतरंजी अंथरलेली, भावकीतले दोन म्हातारे फेटे बांधून बसलेले, पोह्यांवर खोबरं. मला मध्यस्थ म्हणून मधोमध बसवलं. ती पोरगी स्कूटीवरून आली आणि दारातच थबकली.

"या बाई. घर खानदानी हाये," एक म्हातारा म्हणाला. "पोराला काही कमी पडायचं न्हाई."

"आजोबा, मला फक्त कुंपण बघायचंय," ती म्हणाली. पण पोहे खाल्ल्याशिवाय तिला उठू दिलं नाही.

मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. "ही बंदूक?"

"डुकरांसाठी. परवाना हाये, दाखवू?" नाना बाह्या सरसावूनच होते.

"किती मारली?"

नाना छताकडे बघत म्हणाले, "वर बार काढतो. पिल्लं असतेत संगं."

पोरगी हसली आणि मला वाटलं, जमलं. पण तिने शेवटचा प्रश्न काढला. "राग मानू नका आजोबा. तुम्ही एकटेच राहता. उद्या तुमच्या माघारी त्याला कोण?"

नाना उसळले, "बंदुकीला वारस हाये! पुण्याहून पोराचा दर वर्षी फोन असतो, बंदूक माझ्या नावावर करा म्हून." आणि एकदम आवाज बसला त्यांचा. "त्याला बंदूक पायजे. बाई, माघारीचं मागून पाहू. पन आत्ता, ह्यो न्हाई आला तर मला कोन हाये?"

म्हातारे सतरंजीकडे बघू लागले. वीस पावलांवर राहून हे मला कधी दिसलं नव्हतं. मी म्हणालो, "माझं नाव घाला. नानांच्या माघारी मी सांभाळीन."

पोरीने मान डोलावली. नानांनी मात्र नाही. ते माझ्याकडे वळले आणि चष्मा नाकावर चढवला.

"सर, तुमच्या घरी दिवसभर कोन असतं? त्याला बांधून ठिवसान का? वहिनीला इचारलं का? पावसाचं आत घेसान ना?"

मी एकेक उत्तर देत गेलो. नानांची तपासणी त्या पोरीपेक्षा कडक होती.

"आन जेवताना त्याच्याजवळ बसत जा," ते हळूच म्हणाले. "एकट्याला घास उतरत न्हाई, सर."