भेटीले किती आले?

नाचणगावात कोणी दवाखान्यात भरती झालं की लोक विचारायचे, डॉक्टर काय म्हणाले? आमचे शेजारी दौलतकाका विचारायचे, "भेटीले किती लोक आले?" उत्तर मनासारखं मिळालं तर पेशंट वाचणार, याबद्दल त्यांना शंका नसे.

नाही मिळालं तर पिशवीत संत्री टाकून काका स्वतः जवळच्या पुलगावहून पॅसेंजरने वर्ध्याला जात. पेशंट नात्यातला असो-नसो. वॉर्डात शिरले की कारभार त्यांच्या हाती. खाटेवर बसायचं नाही. पेशंटच्या बायकोला खोदून खोदून विचारून रडवायचं नाही. आणि सर्वांत कडक नियम म्हणजे, त्याच दुखण्याने मेलेल्या माणसाची गोष्ट सांगायची नाही. आपल्याकडे ही गोष्ट सांगितल्याशिवाय भेट पुरी होत नाही. एकाने अपेंडिक्सच्या पेशंटसमोर "आमच्या साळ्यालेबी असंच झालतं" एवढंच म्हटलं, तर काकांनी त्याला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं.

"साळा जिता हाय का?"

"नाई."

"मंग त्याले इथंच बाहेर ठेव."

डोळ्यांच्या पेशंटसाठी तर वेगळाच कायदा. तो हसला की टाके तुटतात, म्हणून त्याच्यापाशी तोंडच उघडायचं नाही. हे त्यांना कोणी सांगितलं होतं देव जाणे, पण गावाने ते मानलं होतं. आमच्या गावचा पेशंट कधी एकटा पडून राहिला नाही, हे आम्ही पाहुण्यांना मुद्दाम सांगत असू, आणि त्याचं श्रेय काकांचंच होतं.

पुढे काकांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऐंशी सालानंतरची गोष्ट. पुलगावात डोळ्यांचा एक तरुण डॉक्टर नुकताच आला होता. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. वर्ध्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आठवडाभर पडून राहावं लागे. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सगळं गाव म्हणालं, जवळचं बरं.

"सकाई गेलो अन् संध्याकाई आलो, हे का ऑपरेशन हाय? हे तं हजामत झाली," काका म्हणाले. डॉक्टरने स्वतः समजावून पाहिलं. "तुमच्या हाताले नाव ठेवत नाई साहेब," काकांनी हात जोडले, "पण मले भरती व्हाचं हाय."

मी शाळामास्तर, उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या, म्हणून सोबतीला मी गेलो. ऑपरेशन छान झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेले काका सकाळी उठले की मला चादर नीट करायला लावत, टोपी मागत आणि स्टूल खाटेजवळ ओढून ठेवायला सांगत. व्हरांड्यात पावलं वाजली की मान तिकडे वळे.

"कोण आलं, मास्तर?"

"दुसऱ्याकडे आलेत, काका."

शेजारच्या खाटेवर केळझरचे एक आजोबा होते. त्यांच्याकडे माणसांची रीघ. "आमचे नाचणगावचे लोक शिस्तीचे," काका त्यांना ऐकवत, "पेशंटले तरास देत नाई." मग जेवण अर्धं टाकून हळूच मला विचारत, "मी कोन्त्या वार्डात हाय, हे गावात सांगतलं ना तुमी?"

मला राहवेना. दुपारची गाडी धरून गावात आलो आणि पारावर बसलेल्यांना झापलं. बाबाराव शिंपी म्हणाला, "आता काय सांगावं, मास्तर! काकाईनंच तं सांगतलं, डोयाच्या पेशंटले हासवू नोका. आमी गेलो अन् त्याईचे टाके तुटले तं?"

"मग तोंडं बंद ठेवून चला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव वॉर्डात उभं होतं. चपला बाहेर, तोंडातून शब्द नाही. सिस्टरला वाटलं कोणीतरी गेलं.

"कोण हाय?" काकांनी विचारलं. कोणी बोलेना. शेवटी बाबारावने आपला हात काकांच्या हातात दिला. काकांनी बोटं चाचपली.

"बाबाराव. सुईनं बोटाची चायणी झाली लेका तुह्या."

मग रांगच लागली. "हा सुखदेव. वखराचा हात हाय. हे गंगूबाई, शेण भरून आली, हात काही धुतला नाई बरोबर." बायकांनी तोंडात पदर कोंबले. काका एकेक नाव असं खणखणीत घेत होते की केळझरच्या आजोबांना उशीवरून ऐकू जावं. मला त्या दिवशी माझ्या गावाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा नंतर कधी वाटला नाही.

सगळे गेले. काका हात छातीवर धरून पडले होते.

"मास्तर, पुलगावले केलं असतं तं संध्याकाई घरीच गेलो असतो ना," ते म्हणाले. "घरी कोण येते बाप्पा? ज्या घरात चाय मांडाले बाई नाई, तिथं लोक दारातूनच इचारते अन् जाते. त्याईचं काही चुकत नाई. पण दवाखान्यात मातर माणूस खाटेपावतर येते."

पलीकडून केळझरच्या आजोबांनी विचारलं, "अहो, एवढे सगळे तुमचे कोण होते?"

काकांनी चाचपून टोपी सरळ केली.

"घरचे," ते म्हणाले.