पत्र्यावरचा अतिगोपनीय लेप

महिनाभराच्या दौऱ्यावरून परतलेल्या जावयांनी फाटकातूनच सासूबाईंच्या पडवीकडे पाहिलं आणि हातातली बॅग त्यांच्याच पायावर पडली. पडवीचा चकचकीत पत्रा चक्क काळाकरडा झाला होता. तो रंग साऱ्या देशात एकाच कुलूपबंद खोलीत होता, आणि तो बनवण्यात जावयांची अठरा वर्षं खर्ची पडली होती.

लोकांच्या लेखी जावई ‘सरकारी इमारती गळती निवारण कार्यालया’त होते. खरं म्हणजे त्या पाटीमागे रडारला न दिसणारं लढाऊ विमान तयार होत होतं आणि त्याला लावायचा लेप जावई बनवत होते. सोंग मात्र एकदम चोख! तक्रारींचे छापील अर्ज होते, भिंतीवर कौलांचे तक्ते होते, लेपाच्या डब्यांवरसुद्धा ‘छत गळतीरोधक’ असं ठळक छापलेलं होतं. हे सोंग आहे हे कोणाला माहीत असावं, याचीही एक यादी होती. तीत भांडारपालाचं नाव नव्हतं. तो बिचारा अकरा वर्षं मनापासून गळती निवारत होता.

अडचण एकच होती. लेप पाण्यात टिकत नसे. चार तास पाण्याखाली धरला की केळीच्या सालीसारखा सुटून यायचा. पुढच्या महिन्यातली चाचणी फसली की लेप विभागाला टाळं, असं मुख्य साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

“आई, हे पत्र्याला काय लावलंत?” जावयांचा आवाज चिरकला.

“तुमच्याच ऑफिसातला लेप. पाच वर्षं सांगतेय, पडवी गळते, पडवी गळते. गळतीच्या ऑफिसात जावई आणि माझ्या पडवीत तीन बादल्या! शेवटी गेले स्वतःच. अर्ज भरला, दोन डबे घेऊन आले.”

“दिले कोणी?”

“भांडारपालाने. देवमाणूस हो! म्हणाला, अकरा वर्षांत पहिलाच अर्ज आलाय. डोळे भरून आले होते त्याचे.”

जावयांना दरदरून घाम फुटला. लपवावं तर देशाशी दगा, सांगावं तर नोकरीवर पाणी. पण माणूस सरळमार्गी होता. त्यांनी कार्यालयाला फोन लावला, आणि तासाभरात गुप्तता अधिकारी गवंड्याच्या वेषात, खांद्यावर शिडी घेऊन हजर झाले.

“मी गळती निरीक्षक,” ते सासूबाईंना म्हणाले. “चुकून खराब माल गेलाय. खरवडून न्यावा लागेल.”

“खराब? थेंब नाही गळला!”

अधिकारी वर चढले. आधी पातं चालवून पाहिलं, मग छिन्नी, मग दात-ओठ खाऊन दोन्ही. अर्ध्या तासात छिन्नी वाकली, अधिकारी लालबुंद झाले, आणि लेपाचा एक कपटाही निघाला नाही.

“अहो, हा निघत का नाही?” ते खेकसले.

जावई खाली शिडी धरून उभे होते. त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. “आई, मी नव्हतो तेव्हा पाऊस झाला?”

“झाला म्हणजे? सलग नऊ दिवस!”

जावई शिडीवरून धडाधड वर गेले, पत्र्यावर गुडघे टेकून लेपावरून हात फिरवला आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत नाचायला लागले.

“गुपित फुटलंय आणि तुम्ही नाचताय?” अधिकारी ओरडले.

“नऊ दिवस, साहेब! नऊ!”

संध्याकाळी मुख्य साहेब जातीने आले. “हा लेप कसा लावलात, बाई?”

“आधी सांगा, कशाला हवंय?”

“ते सांगता येत नाही.”

“मग मलाही येत नाही.”

साहेबांनी देशाची शपथ घातली, गुप्तता अधिकाऱ्यांनी कायदा काढला. सासूबाई शांतपणे लसूण सोलत बसल्या. ज्याला कारण सांगायचं त्याचं नाव यादीत हवं, हा नियम साहेबांनीच केलेला. अखेर तिथेच, लसणाच्या ताटाशेजारी कागद ठेवून सासूबाईंची सही घेतली गेली, आणि मग त्यांनी तोंड उघडलं.

“चकचकीत पत्र्यावर काय टिकणार, कपाळ? विटेच्या तुकड्याने घासून खरखरीत केला, चुन्याच्या निवळीने धुतला, दोन दिवस उन्हात वाळवला, मग लावला.”

साहेबांनी जावयांकडे पाहिलं. अठरा वर्षं जावई विमानाचा पत्रा आरशासारखा गुळगुळीत करून घेत होते.

चाचणीत तशाच घासून लेपलेल्या पत्र्यावर तीन दिवस, तीन रात्री फवारे चालले. चौथ्या सकाळी पाणी बंद केलं तेव्हा लेप जसाच्या तसा होता. पांढऱ्या केसांची माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. जावई ओक्साबोक्शी रडले. कसला आनंद ते ठाऊक नसतानाही दाराबाहेर उभ्या भांडारपालाने सगळ्यांपेक्षा मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

सन्मान म्हणून सासूबाईंना विमान दाखवायला नेलं. जावयांचा पास लेपाच्या खोलीपुरताच. अख्खं विमान त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. सासूबाई घरी येताच ते लहान मुलासारखे पुढे धावले.

“आई, कसं दिसतं हो?”

सासूबाईंनी चपला काढल्या, पाय धुतले आणि खुर्चीत ऐसपैस बसल्या. “विमान पाहायच्या यादीत तुमचं नाव नाही, जावईबापू. मी सही केलीय.”

जावयांचा चेहरा उतरला. तो पाहून सासूबाईंना राहवेना. त्यांनी खिडकीतून बाहेर कोणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“लेप मात्र झकास बसलाय हो तुमचा.”

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि ही पहिली शाबासकी होती. जावयांनी विमानाबद्दल पुढे एक शब्द विचारला नाही.