वाऱ्याचा कौल

इंद्रभानभाऊंची चूक म्हटली तर एवढीच, की घरातली गोष्ट त्यांनी मेडशी फाट्यावर चहा पिताना बोलून दाखवली.

गोष्ट साधी होती. त्यांचा मुलगा विकास पनवेलला नोकरीला होता आणि तिथे त्याला शिडाच्या होडीचा नाद लागला होता. पुढच्या आठवड्यात तो आणि त्याचे तीन मित्र मांडव्याहून मालवणला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार होते. रजा मोजकी, म्हणून वाटेत दोनच बंदरांत मुक्काम. चार दिवस गावी आलेल्या विकासने लाडात येऊन म्हटलं होतं, "बाबा, कोन्ती दोन बंदरं घ्याची, थे तुमीच ठरवा." धरणापेक्षा मोठं पाणी न पाहिलेल्या माणसाला एवढा मान मिळाल्यावर तो घरात कसा मावणार? तो फाट्यावर आला.

आता मेडशीचा आणि समुद्राचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. पण गावातली डीएड झालेली पोरं आणि जावई गेल्या पंधरा-वीस वर्षांत कोकणातल्या शाळांवर लागले होते. त्यामुळे समुद्र कोणी पाहिला नसला तरी बंदरांची नावं गावाला पाठ होती.

"मंग हर्णैले थांबाच लागते," बापूराव बशी खाली ठेवत म्हणाले. "आमचे जवाई हायेत तिथीसा. तुरीची डाळ पोचते सोबत."

"अन् विजयदुर्गानं काय घोडं मारलं?" अमरसिंग म्हणाला. "माहा लहाना भाऊ दोन वर्षांपासून खारोड्या मांगून राह्यला."

संध्याकाळपर्यंत ओसरीवर सात पिशव्या आल्या. सातवी अंजनाकाकूंची होती, त्यांचा जावई चिपळूणजवळ.

"काकू, तिथं समुद्र नाई," विकास म्हणाला.

"नसन तं नसन. खाडी हाये म्हन्ते ना? घाल आतमधी. फाट्यावरून यष्टी येते का नाई गावात?"

विकासने नकाशा पसरून समजावायचा प्रयत्न केला. पाण्याची खोली पाहावी लागते, वाऱ्याची दिशा पाहावी लागते. "वारा मले नको शिकवू," इंद्रभानभाऊ म्हणाले. "चाळीस वर्षं उपनलं म्या. वारा उलटा अशीन तं भुसा कोनाच्या डोयात जाते, मले माईत हाये." नकाशा घडी होऊन पिशव्यांखाली गेला.

दुसऱ्या दिवशी बापूराव आणि अमरसिंग फाट्यावर एकमेकांकडे पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी अंजनाकाकूंनी ज्यांच्याशी बोलणं सोडलं त्यांची मोजदाद अवघड झाली. आणि इंद्रभानभाऊ तर गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष! नऊ वर्षांत त्यांनी शेताच्या धुऱ्याची, बांधाची भांडणं मिटवली, नळाची मिटवली, आणि आता चारशे किलोमीटरवरच्या समुद्रासाठी गावात तट पडले. यात त्यांचा स्वतःचा एक काटा होता, तो त्यांनी कोणाला दाखवला नव्हता. त्यांची मुलगी ज्योत्स्ना जयगडच्या शाळेवर होती. दोन वर्षांत तिला माहेरी येता आलं नव्हतं. तिच्या दहा महिन्यांच्या लेकीसाठी भाऊंच्या पत्नी रुख्मिणीबाईंनी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली होती, आणि ती आठव्या पिशवीत, पिशव्यांच्या पार मागे, वाट पाहत होती.

"चिठ्ठ्या टाकू," शेवटी भाऊंनी जाहीर केलं. "दोन निंगतीन थे दोन. बाकीच्या जवायांनी तिथं येऊन आपापली पिशवी न्याची."

रात्रभर विचार करून त्यांनी चिठ्ठ्या सातच केल्या. रुख्मिणीबाईंनी त्या मोजल्या.

"जयगडची कुठी हाये?"

"अध्यक्षानं सोताच्या पोरीचं नाव टाकलं अन् थेच निंगालं, तं लोकं काय म्हनतीन?"

"लोकं काय म्हनतीन थे मले नाई माईत. भाऊ बहिनीच्या दारासमोरून जाईन अन् थांबनार नाई. हे कोन्त्या कायद्यात बसते?"

भाऊंनी डोक्यावर टोपी घातली. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. खूप वाटत होतं. पण नऊ वर्षांची निःपक्षपाती टोपी अशी लुगड्याच्या गोधडीसाठी उतरवायची कशी?

हर्णै आणि विजयदुर्ग निघालं. त्या दिवसापासून घरात भाऊंचा चहा हातात न येता जमिनीवर, हातभर लांब, येऊ लागला.

जाण्याच्या आदल्या सकाळी रुख्मिणीबाई डाळ निवडत विकासला सहज विचारत होत्या, "काऊन रे, होडी ठरोल्या जागीच जाते का?"

"वाऱ्याच्या मनात असन तं जाते, आई. त्यानं नाई म्हटलं तं कोनाचंच चालत नाई."

"कोनाचंच?"

"कोनाचंच."

"मंग कोनी रुसत नाई त्याच्यावर?"

"वाऱ्यावर कोन रुसन?"

"हं," रुख्मिणीबाई म्हणाल्या आणि एक खडा वेगळा काढला.

विकास आठही पिशव्या घेऊन गेला. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. ओहोटीमुळे हर्णैच्या आत जाणं जमलं नव्हतं. आणि जयगडच्या जरासं पुढे जातात तोच समोरून, दक्षिणेकडून, असा वारा सुटला की विजयदुर्गाचं नावच नको. मागे फिरून जयगडात शिरावं लागलं. आता दोन दिवस मुक्काम तिथेच.

"पिशव्या?" भाऊंनी घाबरून विचारलं.

"ज्योत्स्नाच्या घरी. सातही जनांले फोन केले. येऊन राह्यले सारे."

आले. कोणी एसटीने, कोणी मोटारसायकलवर. चिपळूणवाला तर पहिला पोचला. ज्योत्स्नाने त्याच पिशव्यांतली डाळ काढून वरण शिजवलं, खारोड्या तळल्या, आणि कित्येक वर्षांत न भेटलेली मेडशीची माणसं समुद्राकाठी पंगतीला बसली.

संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल केला. गोधडीत गुंडाळलेली नात पाहून भाऊ फोनच्या पार जवळ सरकले. डोळे पुसून ते म्हणाले, "होडी तं दाखव." ज्योत्स्नाने फोन समुद्राकडे केला. समोर दिवस बुडत होता, काठाशी होडी डुलत होती आणि तिच्या डोलकाठीवरचा झेंडा डावीकडे ताठ फडफडत होता.

भाऊंनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. समोर मावळती, म्हणजे डावा हात दक्षिण. झेंडा दक्षिणेकडे, म्हणजे वारा उत्तरेचा.

"विकास, हा वारा कवापासून हाये?"

"तीन दिवसांपा..." विकास एकदम थांबला. "आजच फिरला, बाबा. जरासा."

"बॅटरी संपली वाट्टे तिची," रुख्मिणीबाई म्हणाल्या आणि लगबगीने फोन बंद केला. त्यांची स्वयंपाकघरात जाण्याची घाई पाहून चाळीस वर्षं उपणलेल्या माणसाला कळायचं ते कळलं. विजयदुर्गाला पाठीवर बसवून नेईल असा वारा तीन दिवस वाहत होता.

तेवढ्यात ओसरीवर बापूराव आणि अमरसिंग आले. एकत्र आले.

"भाऊ, जवाई लय खुश," बापूराव म्हणाले. "अन् तुमी मानूस खरे! पोरीची चिठ्ठीबी टाकली नाई. तरी देवानं कसं बरोबर केलं पाहा."

"पन भाऊ," अमरसिंगने डोकं खाजवलं, "वारा खरंच समोरूनच होता ना?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. अध्यक्षांनी नऊ वर्षांत गावाला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि बाजूला ठेवली.

"समोरूनच होता," ते म्हणाले. "आता म्या सोता पाह्यला फोनमधी."

दोघं समाधानाने टेकले. रुख्मिणीबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि सगळ्यात पहिला कप त्यांनी भाऊंच्या हातात दिला.